अंधांची वाट आणि अंगावरची यंत्रे

अंधाने कोणाचा हात न धरता कसे चालावे, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. त्यावर यंत्राच्या साहाय्याने उत्तर शोधण्याचे प्रयत्न मात्र मुख्यतः गेल्या ऐंशी वर्षांतले आहेत. एवढ्या अवधीत छातीवर लटकवायच्या पेट्या निघाल्या, ध्वनी ऐकवणारे चष्मे निघाले, पाठीवर चित्र उमटवणारी खुर्ची निघाली, कंप पावणारे जोडे निघाले आणि आता समोरचे दृश्य शब्दांत सांगणारे चष्मेही आले आहेत. प्रत्येक शोधाचे मोठ्या आशेने स्वागत झाले. तरीही आज जगात कोठेही जा, रस्त्याने एकट्या चालणाऱ्या अंध माणसाच्या हातात बहुधा दिसेल ती एक साधी, लांब, पांढरी काठीच.

एवढी बुद्धी, एवढा पैसा आणि एवढी करुणा खर्ची पडूनही काठी हटली नाही, याचा अर्थ काय? यंत्रे निकामी होती असा तो नाही. त्यांपैकी काही खरोखर विलक्षण होती. अर्थ शोधायचा तर या यंत्रांची कुळकथा पाहावी लागते. त्या कथेत आपल्याला दोन कॅथलिक धर्मगुरूही भेटतात. एक होता निसर्गाचा अभ्यासक, दुसरा अंधांचा सेवक.

घंटाघरातील वटवाघळे

अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतील पाव्हिया विद्यापीठात लाझारो स्पालान्झानी हे प्राध्यापक होते. दीक्षित धर्मगुरू असलेल्या या विद्वानाची त्या काळच्या थोर प्रयोगशील शास्त्रज्ञांत गणना होत असे. १७९३ मध्ये त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. खोलीतील मेणबत्ती विझली की पाळलेले घुबड भिंतीवर आपटते. वटवाघूळ मात्र काळ्याकुट्ट अंधारातही सफाईने फिरते. त्यांनी वटवाघळांची दृष्टी नष्ट करून पाहिली. प्रयोग निष्ठुर होता, हे मान्य केले पाहिजे. पण खोलीत ताणलेल्या दोऱ्यांना न धडकता ती आंधळी वटवाघळे पूर्वीसारखीच उडत राहिली. पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातून पकडलेली अशी वटवाघळे सोडून दिली, काही दिवसांनी पुन्हा धरली, तेव्हा त्यांच्या पोटांत डोळस वटवाघळांइतकेच कीटक सापडले.

जिनिव्हातील शल्यवैद्य लुई ज्युरीन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी वटवाघळांचे कान बंद केले, आणि आता मात्र ती वस्तूंवर आदळू लागली. स्पालान्झानींनी हा प्रयोग स्वतः करून त्याला दुजोरा दिला. परंतु कान पाहण्याचे काम करतो ही गोष्ट त्या काळच्या पंडितांना पटणारी नव्हती. क्युव्हिएसारख्या मातब्बर फ्रेंच शास्त्रज्ञाने हे सारे स्पर्शाचे कार्य ठरवले आणि प्रश्न मागे पडला. तो सुटला सुमारे दीडशे वर्षांनी. १९३८ पासून पुढील तीनचार वर्षांत हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलम्बोस यांनी सिद्ध केले, की वटवाघूळ माणसाला ऐकू न येणारा अतिशय उंच पट्टीचा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तूची जागा ओळखते. या श्राव्यातीत ध्वनीवरच पुढे अंधांच्या कित्येक यंत्रांची उभारणी झाली.

गालावर जाणवणारी भिंत

माणसातही अशी काही शक्ती असावी, असा तर्क जुनाच होता. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो याने १७४९ मध्ये अंधांविषयी लिहिलेल्या पत्ररूप ग्रंथात एका जन्मांध माणसाचे वर्णन केले आहे. जवळ आलेली वस्तू त्याला चेहऱ्यावरील हवेच्या स्पर्शाने कळते, असे दिदरोला वाटले. अनेक अंधांचा अनुभवही असाच होता. भिंत जवळ आली की गालावर काहीतरी दाटल्यासारखे होते, असे ते सांगत. म्हणून या शक्तीला 'चेहऱ्याची दृष्टी' असे नाव पडले.

खरा प्रकार अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात उलगडला. कार्ल डॅलनबाक, मिल्टन कॉट्झिन आणि मायकेल सुपा या तिघांचे संशोधन १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. यांतील सुपा हे स्वतः अंध होते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्यांनी चालणाऱ्याचा चेहरा जाड कापडाने झाकला. तरी त्याला समोरचा अडथळा कळला. मग चेहरा उघडा ठेवून कान बंद केले. तो सरळ जाऊन आदळला. पायांखाली गालिचा अंथरून पावलांचा आवाज मंदावला, की त्याचा अंदाज चुकू लागे. इतकेच काय, चालणारा एका खोलीत आणि त्याच्या पावलांचा आवाज तारेवरून ऐकणारा दुसऱ्या खोलीत असतानाही ऐकणाऱ्याला अडथळा जवळ आल्याचे सांगता आले. म्हणजे गालावर वाटणारी ती जाणीव वस्तुतः कानाची होती. ज्यांना ती लाभली होती त्यांनासुद्धा तिचा उगम ठाऊक नव्हता.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंधाचे कान हे त्याचे रिकामे पडलेले इंद्रिय नव्हे. त्याची अर्धीअधिक वाट तेच पाहत असतात. पुढे अनेक यंत्रकारांना याचा विसर पडला.

युद्ध, लांब काठी आणि फादर कॅरल

पहिल्या महायुद्धाने युरोपला हजारो अंध सैनिक दिले. जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये त्यांच्यासाठी कुत्र्यांना शिकवण्याची शाळा निघाली. १९२१ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात अपघाताने दृष्टी गमावलेल्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराने, वाहनचालकांच्या नजरेस पडावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. अमेरिकेत १९२९ मध्ये 'सीइंग आय' ही श्वानशिक्षणाची संस्था स्थापन झाली. पण तोवरची काठी आखूड होती. ती टेकण्याची आणि ओळख पटवण्याची काठी होती. वाट शोधण्याची नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. पेन्सिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक येऊन पडले होते. रिचर्ड हूव्हर नावाच्या सार्जंटने, जो पूर्वी अंधशाळेत शिक्षक होता, हलकी आणि छातीपर्यंत पोचेल इतकी लांब काठी घडवली आणि ती वापरण्याची रीतही बसवली. काठी समोर धरून डावीउजवीकडे अर्धवर्तुळात फिरवावयाची; उजवे पाऊल पुढे पडताना टोक डाव्या बाजूला टेकावयाचे आणि डावे पाऊल पडताना उजव्या बाजूला. म्हणजे जेथे पुढचे पाऊल पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. वस्तू साधी, पण विचार खोल. खड्डा, पायरी, दगड, गटाराची कड, फरशी बदलून माती लागली हे सारे त्या टोकातून तळहाताला कळते; शिवाय टोकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी कानांना भिंती आणि दारे सांगतो. तिला विजेरी लागत नाही आणि ती मोडली तरी नवी घेता येते.

याच सैनिकांमध्ये बोस्टन धर्मप्रांताचे एक धर्मगुरू काम करीत होते. त्यांचे नाव फादर थॉमस कॅरल. १९३८ मध्ये गुरुदीक्षा झाल्याबरोबर त्यांची नेमणूक बोस्टनच्या कॅथलिक अंधसेवा मंडळावर झाली. युद्धकाळात व्हॅली फोर्ज आणि कनेटिकटमधील एव्हन ओल्ड फार्म्स या दोन ठिकाणी त्यांनी अंध सैनिकांना जवळून पाहिले. या तरुणांना सहानुभूती मुबलक मिळत होती, परंतु स्वतःच्या पायांनी चालण्याचे शिक्षण त्या मानाने फार थोडे, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९५४ मध्ये त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन येथे प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या नागरिकांसाठी सेंट पॉल पुनर्वसन केंद्र सुरू केले. तेथील शिक्षणक्रमात तलवारबाजीचाही समावेश होता. ऐकून आश्चर्य वाटेल. पण प्रतिस्पर्ध्याची दिशा कानांनी हेरणे, शरीराचा तोल सांभाळणे आणि हातातील पात्याच्या टोकाशी आपले सारे लक्ष नेणे हे त्या खेळात साधते, आणि काठीने चालणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

१९६१ मध्ये फादर कॅरल यांचा अंधत्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दृष्टी गेल्याने माणसाचे काय काय जाते याची त्यांनी वीस नुकसानांत मांडणी केली आहे. डोळ्यांचा उपयोग हे त्यांतील एक झाले. ठायीठिकाणी जाण्यायेण्याची क्षमता, लिहिण्यावाचण्याची सोय, उपजीविका, सौंदर्याचा आस्वाद, समाजातील आपले स्थान, इतकेच नव्हे तर अनोळखी गर्दीत कोणाच्या नजरेत न भरण्याचा हक्क, हीसुद्धा त्यांनी नुकसानेच मानली. यांतील शेवटच्या गोष्टीवर यंत्रकारांनी फारसा विचार केला नव्हता. अंगावर तारा आणि पेट्या मिरवीत चालणाऱ्या माणसाकडे सारा बाजार वळून पाहतो. वाट सापडते, पण तो पुन्हा एक तमाशा होऊन बसतो. फादर कॅरल १९७१ मध्ये निवर्तले; पुढे त्यांच्या केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले.

छातीवरील पेटी आणि गाणारा चष्मा

काठीच्या दोन उणिवा आहेत. ती तीनचार फुटांपलीकडचे सांगत नाही, आणि कमरेच्या वरचे तिला कळत नाही. झाडाची खाली आलेली फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागे निघालेला सांगाडा हे थेट तोंडावर येतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकन सैन्याच्या सिग्नल विभागाने १९४० च्या दशकात प्रकाशकिरणांवर चालणारे एक यंत्र करून पाहिले होते. पण ते हातात धरावे लागे. काठी एका हातात, यंत्र दुसऱ्या हातात, मग पिशवी कोठे धरायची आणि दार कशाने उघडायचे? यंत्र अंगावरच असावे, ही कल्पना या अडचणीतून पुढे आली.

१९६० च्या दशकाच्या मध्यास लिंडसे रसेल या अमेरिकन अभियंत्याने 'पाथसाउंडर' तयार केला. ही गळ्यात अडकवून छातीवर ठेवण्याची लहानशी पेटी होती. तिच्यातून श्राव्यातीत ध्वनी निघे. वाट मोकळी असेल तर पेटी गप्प राही. सुमारे सहा फुटांच्या आत काही आले की ती एक प्रकारचा आवाज करी, आणि अडथळा अगदी निकट आला की आवाज बदले. पुढील नमुन्यांत आवाजाऐवजी कंपाचीही सोय झाली. रसेल यांनी काठीची जागा घेण्याचा दावा केला नाही. काठीने जमीन पाहावी, पेटीने कमरेपासून मस्तकापर्यंतचे पाहावे, अशी त्यांची वाटणी होती. अंगावर घालण्याजोग्या पहिल्या व्यवहार्य साधनांत या पेटीची गणना होते.

याच काळात दुसरी विचारसरणी लेस्ली के या इंग्रज अभियंत्याने मांडली. आधी त्यांनी हातात धरण्याची ध्वनीची विजेरी बनवली होती. पुढे न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात त्यांनी 'सॉनिकगाइड' हा चष्मा सिद्ध केला. तो १९७० च्या दशकात बाजारात आला. चष्म्याच्या मध्यभागी ध्वनी सोडणारे एक आणि टिपणारी दोन अशी तीन केंद्रे होती. परतलेला ध्वनी ऐकू येईल अशा सुरात बदलून बारीक नळ्यांवाटे दोन्ही कानांत पोचे. वस्तू दूर असेल तर सूर उंच, जवळ येत जाईल तसा तो खाली उतरे. वस्तू डावीकडे असेल तर डाव्या कानात आवाज मोठा. गुळगुळीत खांबाचा सूर स्वच्छ, पानांनी भरलेल्या झुडपाचा सूर खरखरीत. सरावलेला माणूस या सुरांवरून झाड आणि खांब यांतील भेद सांगू शके.

रसेलची पेटी संकट आले की बोले. के यांचा चष्मा अखंड गात असे. पहिल्या मताचे म्हणणे होते, की अंधाला आवश्यक तेवढेच सांगावे, त्याचे मन आणि कान मोकळे ठेवावे. दुसऱ्याचे म्हणणे होते, की त्याला सारे जग ऐकवावे आणि त्यातून काय घ्यावयाचे ते त्याने ठरवावे. दोन्ही मतांत तथ्य होते. परंतु चष्मा महाग होता, शिकायला आठवडे लागत, आणि गजबजलेल्या रस्त्यावर मोटारीचा आवाज, पावलांचा आवाज आणि चष्म्याचे गाणे यांची गुंतागुंत होई. काही थोड्यांनी त्यात प्रावीण्य मिळवले व त्यावर प्रेमही केले. बहुसंख्यांनी तो ठेवून दिला. आणखी एक गोष्ट होती. छातीवरची पेटी असो वा चष्मा, दोन्हींना समोर उघडा पडलेला खड्डा ओळखता येत नसे. फांदी लागली तर कपाळाला खोक पडते. खड्ड्यात पाय गेला तर जीव जातो. म्हणून यंत्र घेतले तरी काठी सोडता येईना.

पाठीवर उमटलेले जग

तिसरा मार्ग पॉल बाक-इ-रीता या अमेरिकन वैद्याने शोधला. त्यामागे एक घरगुती हकीकत आहे. १९५९ मध्ये त्यांच्या वडिलांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. पॉल यांचे बंधू जॉर्ज यांनी वडिलांना तान्ह्या मुलासारखे रांगायला लावून, अंगणात, घरात, पुन्हा पुन्हा सर्व हालचाली शिकवल्या आणि ते परत शिकवण्याच्या कामावर रुजू झाले. इजा झालेला मेंदूही नवी वाट काढू शकतो, याची पॉल यांना खात्री पटली. मग डोळ्यांचे काम त्वचा का करू शकणार नाही?

१९६९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीच्या पाठीत त्यांनी कंप पावणारे चारशे खुंट वीस ओळींत बसवले. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र त्या खुंटांच्या कंपांतून अंध माणसाच्या पाठीवर उमटे. सरावाने लोकांना वस्तू ओळखता आल्या, कोण माणूस समोर आहे हेही कळू लागले. पण या प्रयोगातील सर्वांत मोलाचा धडा निराळाच होता. कॅमेरा दुसरा कोणी हलवीत असेल तर अंधाला पाठीवर नुसती गुदगुली जाणवे. कॅमेरा त्याच्या स्वतःच्या हातात दिला, की थोड्याच काळात त्याला पाठीचा विसर पडे आणि वस्तू आपल्या समोर, बाहेर आहे असे वाटू लागे. एकदा कॅमेऱ्याचे भिंग एकाएकी जवळ आणले गेले, तेव्हा खुर्चीतील माणूस हात वर करून मागे सरला. कंप त्याच्या पाठीवर होता, आणि तो समोरून येणाऱ्या वस्तूपासून स्वतःला वाचवीत होता.

दुसऱ्याने दाखवलेले जग कातडीवर राहते. स्वतः शोधलेले जग समोर उभे राहते. अंधांच्या यंत्रांविषयी याहून महत्त्वाचा शोध क्वचितच लागला असेल. ती जड खुर्ची पुढे लहान होत होत जिभेवर ठेवण्याच्या पट्टीएवढी झाली; चष्म्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्र जिभेला सौम्य विद्युतस्पर्शाने सांगणाऱ्या या साधनाला अमेरिकन शासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली.

आकाशातून वाट

आतापर्यंतची सारी यंत्रे एकाच प्रश्नाचे उत्तर देत होती : माझ्यासमोर काय आहे? पण चालणाऱ्याला दुसरा प्रश्नही पडतो : मी कोठे आहे, आणि मला जायचे आहे ते ठिकाण कोणीकडे आहे? याचे उत्तर काठीकडे नव्हते, कुत्र्याकडेही नव्हते.

ते आले आकाशातून. अमेरिकेच्या लष्कराने १९७८ पासून स्थाननिश्चितीचे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर ही व्यवस्था पूर्ण झाल्यावर सर्व जगाच्या नागरी वापरासाठी खुली राहील, असे अमेरिकेने जाहीर केले.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ जॅक लूमिस यांनी हे उपग्रह अंधांच्या कामी लावण्याची कल्पना मांडली. रॉबर्टा क्लात्स्की आणि रेजिनाल्ड गॉलेज हे त्यांचे सहकारी. गॉलेज मूळचे ऑस्ट्रेलियाचे, नावाजलेले भूगोलज्ञ. माणसे आपल्या मनात परिसराचा नकाशा कसा रचतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९८४ मध्ये त्यांचीच दृष्टी गेली. नकाशांच्या अभ्यासकाला आता आपल्याच विद्यापीठाच्या आवारात वाट शोधावी लागत होती. ज्याच्यासाठी यंत्र करावयाचे तो येथे यंत्रकारांच्याच मेजावर, बरोबरीने बसला होता. यरीहोच्या वाटेवर प्रभूने बार्तीमयाला बरे करण्यापूर्वी त्याला काय हवे आहे ते विचारले होते. या प्रयोगशाळांच्या इतिहासात असे विचारणे फार उशिरा सुरू झाले.

१९९० च्या दशकातील त्यांचे यंत्र म्हणजे पाठीवरचे भलेमोठे दप्तर होते. त्यात संगणक व विजेऱ्या, डोक्यावर दिशादर्शक आणि कानांवर ध्वनियंत्र. मात्र त्याची वाणी अभिनव होती. ग्रंथालय उजवीकडे असेल तर 'ग्रंथालय' हा शब्द उजवीकडूनच, जणू त्या इमारतीतून, ऐकू येई. पुढच्या वळणाचा आवाज त्या वळणाकडूनच येई आणि माणूस त्याकडे चालू लागे. एका बाबतीत ते लंगडे होते. लष्करी कारणास्तव नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे सुमारे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. तो घालवण्यासाठी वेगळा संकेत घ्यावा लागे. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकण्यात आली. त्यानंतर लवकरच माइक मे या अंध उद्योजकाच्या संस्थेने खांद्याला लावून नेण्याजोगी बोलकी मार्गदर्शक यंत्रे बाजारात आणली.

२००९ मध्ये आयफोनमध्ये पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्याची सोय मुळातच समाविष्ट झाली आणि दप्तर खिशात मावू लागले. लूमिस यांची दिशेने बोलणारी खूण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये 'साउंडस्केप' या नावाने फोनवर आणली. अनेकांना तिची सवय झाली. २०२३ मध्ये कंपनीने ती सेवा बंद केली. तिची आज्ञावली इतरांसाठी खुली ठेवली, एवढे बरे. पण प्रश्न उरतोच. काठी कोणाच्या मालकीची नसते. ज्याच्या वाटेची किल्ली दूर देशीच्या कंपनीकडे आहे, त्याची वाट कंपनीच्या एका ठरावाने बंद होऊ शकते.

आपल्याकडे

आपल्या देशातही या विषयात मोलाचे काम झाले आहे. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी 'स्मार्टकेन' विकसित केली. दिल्लीतील 'सक्षम' ही संस्था आणि चेन्नईतील एक उत्पादक यांच्या साहाय्याने ती २०१४ मध्ये लोकांच्या हाती आली. हे यंत्र अंगावर घालावे लागत नाही. नेहमीच्या काठीच्या मुठीवरच ते बसते. गुडघ्यापासून मस्तकापर्यंतचा अडथळा श्राव्यातीत ध्वनीने हेरून ते मुठीत कंप देते. रसेल यांनी केलेली कामाची वाटणी येथे एकाच हातात आली आणि कान पूर्ण मोकळे राहिले. किंमत सुरुवातीला सुमारे तीन हजार रुपये होती; परदेशी साधनांच्या तुलनेत ती फारच कमी. घडण चालू असताना अंध वापरकर्त्यांकडून ती वारंवार तपासून घेतली गेली, हे तिच्या यशाचे एक कारण आहे.

त्याच सुमारास हैदराबादेत क्रिस्पियन लॉरेन्स आणि अनिरुद्ध शर्मा या तरुणांनी 'लेचल' नावाचे जोडे तयार केले. नाव हिंदी 'ले चल' वरून घेतलेले. फोनमधील नकाशानुसार डावीकडे वळायचे असेल तर डावा जोडा कंप पावतो, उजवीकडे असेल तर उजवा. जोडे सर्वच घालतात. त्यामुळे पाहणाऱ्याला काही वेगळे दिसत नाही. फादर कॅरल यांनी नोंदलेले ते विसावे शतकातले दुःख, लोकांच्या नजरेत भरण्याचे, येथे आपोआप टळते.

आणि या साऱ्या खटाटोपाच्या शेजारी डॅनियल किश हे अमेरिकन गृहस्थ उभे आहेत. तान्हेपणी कर्करोगामुळे त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले. ते जिभेने टाळूवर चट् असा आवाज करतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत, झाड, उभी मोटार ओळखतात. जगभर फिरून ही विद्या अंध मुलांना शिकवतात. त्यांच्याही हातात लांब काठी असते. पाव्हियाच्या घंटाघरातील रहस्य येथे कोणत्याही विजेरीवाचून माणसाच्या मुखी आले आहे.

इतिहास काय सांगतो

या ऐंशी वर्षांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. जी साधने टिकली ती काठीला पूरक झाली. तिची जागा घेऊ पाहणारी मागे पडली. ज्यांनी अंधाचे कान व्यापले ती त्याला जड झाली. ज्यांनी हात, पाऊल किंवा त्वचा यांच्याशी हळूच संवाद साधला ती त्याच्या अंगवळणी पडली. ज्यांच्या निर्मितीत सुपा, गॉलेज किंवा माइक मे यांच्यासारखी दृष्टिहीन माणसे सहभागी होती, त्यांना नेमका प्रश्न सापडला. आणि कोणतेही साधन शिक्षणावाचून उपयोगी पडले नाही. हूव्हर यांची काठी यशस्वी झाली ती तिच्याबरोबर चालण्याची रीतही शिकवली गेली म्हणून. नुसती काठी वाटणे म्हणजे निरक्षराला पुस्तक भेट देणे होय.

आता कॅमेरा बसवलेले चष्मे आले आहेत. समोरची पाटी ते वाचतात, दुकानाचे नाव सांगतात, वाटेत कोण उभे आहे याचे वर्णन करतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सॉनिकगाइडचा अखंड सूर पुरे झाला म्हणून ज्यांनी चष्मा उतरवून ठेवला, त्यांचा अनुभव या नव्या बोलक्या चष्म्यांच्या कर्त्यांनी वाचायला हवा. आपल्या गावातील उखडलेली पायवाट, उघडे गटार, पदपथावर लावलेल्या दुचाकी आणि दुकानाबाहेर मांडलेला माल यांवर कोणत्याही उपग्रहाकडे उपाय नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम रस्ते आणि इमारती हा हक्क मानला आहे. तो प्रत्यक्षात उतरवणे हे नगरपालिकेचे काम आहे, आणि आपली दुचाकी पदपथावर न लावणे हे आपले.

आपल्या धर्मग्रामांतील सेवाभावी मंडळांपुढे अंधांना साधने देण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा फादर कॅरल यांचे केंद्र आठवावे. साधनाच्या किमतीबरोबर शिकवणाऱ्याच्या मानधनाची आणि दुरुस्तीची तरतूद करावी. खरेदीआधी ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना बैठकीला बोलवावे. त्यांना कोठे जायचे असते, कोणत्या वळणावर अडचण येते, आजवर काय वापरले आणि का सोडले, हे ऐकून घ्यावे. कदाचित ते चष्मा मागतील, कदाचित कंप पावणारी मूठ मागतील. कदाचित ते एवढेच म्हणतील, की देवळाच्या पायऱ्यांना कठडा बसवा आणि दाराशी चपलांचा ढीग करू नका.